‘शिंदी’ऐवजी ‘चुनी’ वाचावे

बाभुळगावात खोली बघायला गेलो तेव्हा मास्तरांनी भाडं सांगायच्या आधी मला भिंतीचा रंग विचारला. मी म्हटलं, पिवळा.

"पिवळा म्हंजे कोणता पिवळा?"

मी पुन्हा भिंतीकडे पाहिलं. चुन्यात पिवडी कालवून दिलेला साधा हात होता. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "फिकट."

"फिकट त तुमचा चेहरा बी हाय," असं म्हणून त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

ही सत्तावन्न सालची गोष्ट. मी यवतमाळच्या कारकुनी घरातला. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, काकाही कचेरीत. घरातला पहिला बी.एस्सी. मी, तोही वनस्पतिशास्त्राचा. वर्ग दुसरा होता, पण तो सांगताना मी "पहिला थोडक्यात हुकला" असं सांगत असे. किती थोडक्यात, हे सुदैवानं कोणी विचारलं नाही. तीन महिन्यांचं शिक्षण घेऊन मी मधुमक्षिका निरीक्षक झालो आणि पत्र्याच्या पेटीत एक सूक्ष्मदर्शक घेऊन एसटीनं बाभुळगावात उतरलो. वाटत होतं, की गावानं माझे आभार मानायला हवेत. गावात त्या दिवशी आठवडी बाजार होता. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही.

केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि मागच्या अंगणात माश्यांच्या आठ पेट्या. माझं काम ऐकायला सोपं होतं. माशी फुलावरून परतते तेव्हा मागच्या दोन पायांवर परागाच्या बारीक गोळ्या चिकटवून आणते. तिच्या पिल्लांचं ते अन्न. पराग आटला की पिल्लं मरतात आणि माश्या पेटी सोडून निघून जातात. तेव्हा त्या गोळ्या गोळा करायच्या, कोणत्या झाडाच्या आहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचं, पराग ताजा आहे की बिघडला ते पाहायचं आणि दर महिन्याला वरच्या कार्यालयाला अहवाल पाठवायचा. त्यावरून लोकांच्या पेट्या कोणत्या महिन्यात कुठे ठेवायच्या ते ठरणार होतं.

मास्तर दारव्ह्याच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. उंच, वाळके, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. कपडे नेहमी पांढरे, कारण रंगीत कापड डोळ्याजवळ असलं की ते बाकीचे रंग बिघडवतं, असं त्यांचं म्हणणं. एकदा सगळ्या वर्गानं सगळी पानं एकाच हिरव्यानं रंगवली म्हणून त्यांनी अख्ख्या वर्गाला नापास केलं होतं आणि त्यात शाळेच्या अध्यक्षांचा नातूही होता. घरात सुगंधी तेल चालत नसे, त्यानं नाक बिघडतं म्हणून. माझी चमेलीच्या तेलाची बाटली पहिल्याच आठवड्यात विहिरीजवळच्या राखेत उपडी झालेली मला सापडली. मी मास्तरांच्या बायकोकडे, काकूंकडे, तक्रार केली, तर त्या म्हणाल्या, माझी तर लग्नातली अत्तरदाणी गेली, तुमचं काय घेऊन बसलात.

एकदा मी त्यांच्याबरोबर एसटीनं यवतमाळला निघालो होतो. वाटेत ते एकाएकी उठले, ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरून धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, एका झुडपापाशी गेले. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला लघवीला लागली असेल. ते फुलं कागदावर चोळून पाच मिनिटांनी परत आले आणि कंडक्टरला म्हणाले, "नाही जमलं. हा जास्त हिरवट हाय." पुढे दोन गावांपर्यंत प्रवासी माझ्याकडेच बघत होते. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, आम्ही दोघं बरोबर नाहीच अशा चेहऱ्यानं.

पराग त्यांच्या आयुष्यात आणला तो मीच. एका संध्याकाळी ते माझं यंत्र बघायला आले. मी करडईच्या परागाची काच लावून दिली. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग विचारलं, की माशीच्या पायावर हा नारिंगी होता, इथं गुलाबी कसा? मी जरा वरच्या सुरात समजावलं, की आकार नीट दिसावा म्हणून आम्ही त्याला रंग देतो.

"चांगला नारिंगी होता," ते म्हणाले. "त्याले गुलाबी कायले केलं?"

मी त्या रंगांची इंग्रजी नावं सांगितली. ती त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "म्हंजे तुमी आकार पाह्यता. मंग रंग मी पाह्यतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते केंद्राच्या अंगणात, पेटीजवळ, तिपाईवर बसलेले होते. डोक्यावर छत्री, मांडीवर चित्रकलेचा कागद, हातात बारीक चिमटा. माशी दाराशी टेकली, की तिला न दुखवता पायावरची गोळी अलगद काढायची, थेंबभर पाण्यात कागदावर पसरायची, शेजारी रंगपेटीतून हुबेहूब तोच रंग कालवून लावायचा आणि खाली तारीख टाकायची. झाडाच्या नावाची जागा कोरी. मग छत्री घेऊन ते बाहेर पडत. शेतं, धुरे, नाले पालथे घालत, फुलांचा पराग कागदावर घासत आणि रंग जुळला तरच नाव लिहीत. जुळला नाही तर जागा कोरीच राही. मी एकदा म्हटलं, की अंदाजानं लिहा की काहीतरी, नंतर खोडता येईल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खोलीत जाऊन बसलो.

ते गोळी चाखतही. जिभेच्या टोकावर ठेवून डोळे मिटून बसत आणि कडू, तुरट, गोडसर असं काहीतरी पुटपुटत. काकू मला म्हणत, "पराग चाखून झाड सांगतात, पण भाजीत मीठ नाही हे कधी सांगत नाहीत." जवसाचा पराग निळसर असतो असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. पराग कधी निळा असतो का, म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या उशाशी एक गोळी ठेवली. निळसर होती. पुस्तकात हे होतं, मीच ते पान वाचलेलं नव्हतं.

परागाचा कस ओळखण्यातही माझी अशीच शोभा झाली. पौषात माश्यांनी भरपूर पराग आणला. मी तो ताजा ताजाच बाटलीत भरला, बूच घट्ट लावलं आणि वर लाख लावली. ताजा म्हणजे उत्तम, हे माझं शास्त्र. मास्तरांनी बाटली न उघडता, नुसती उन्हासमोर धरून सांगितलं, की आत घाम आला आहे, हा आठ दिवसांत बुरसणार. सावलीत कागदावर दोन दिवस सुकवा, म्हणाले. मी बाटली तशीच पाठवली. कार्यालयाचं उत्तर आलं, की नमुना बुरशीमुळे तपासण्यास अयोग्य. ते पत्र मी त्यांच्यापासून लपवलं. त्यांनी कधी विचारलंही नाही. फक्त त्यानंतर माझ्या दाराशी अधूनमधून एक चाळणी ठेवलेली असे आणि तिच्यात कागदावर पसरलेला पराग वाळत असे.

मग चैत्र आला. पळस होऊन गेला, मोह गळून गेला, शेतं काळी उघडी पडली. गावोगावच्या पेट्यांमध्ये पराग येणं जवळजवळ थांबलं. पण केंद्रातल्या माझ्या आठ पेट्यांवर माश्या दिवसभर फिकट पिवळसर गोळ्या घेऊन उतरत होत्या. मी हरखून गेलो. काचेखाली पाहिलं तर लांबट दाणे, आणि प्रत्येकाच्या मधोमध एक चीर. पुस्तक उघडलं. लांबट दाणा, एक चीर: शिंदी. नाल्याकाठी ताडीसाठी छेदतात ती शिंदी. गुलाबी रंग दाण्यावर चढत नव्हता, पण ते मी उन्हाळ्याच्या उष्णतेवर ढकललं. ऐन उन्हाळ्यात माशी जगवणारं झाड मला सापडलं होतं. या जिल्ह्यात ते पूर्वी कोणाला कसं दिसलं नाही याचं मला फार आश्चर्य वाटलं, आणि ते आश्चर्य मला आवडलंही.

मास्तरांनी गोळी चाखली. नेहमीपेक्षा बराच वेळ. मग कागदावर पसरून बघितली.

"हे फूल नाही," ते म्हणाले.

मी विचारलं, मग काय आहे. ते म्हणाले, माहीत नाही, दोन दिवस द्या. मी म्हटलं, सूक्ष्मदर्शकात दिसतं आहे ना. ते म्हणाले, दिसत असेल, पण फुलाची चव लागत नाही. मला त्यांची कीव आली. रंगपेटी घेऊन बसलेला म्हातारा माझ्या यंत्राला दोन दिवस थांब म्हणत होता. पुढच्या आठवड्यात वरचे साहेब दौऱ्यावर यायचे होते आणि मी अजून तात्पुरता होतो. अहवाल मी त्याच दुपारी टपालात टाकला. त्यात "निर्विवाद" हा शब्द दोनदा होता.

साहेब आले आणि खूश झाले. त्यांनी ताबडतोब प्रयोग करायचं ठरवलं. त्या भागात सगळ्यात चांगल्या पेट्या झमकूबाईच्या होत्या. ती चार मैलांवरच्या बंजारा तांड्यावर राहायची. विधवा, पन्नाशीची, हातभर चुडे. तिच्या आजाच्या काळी तिची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायची. आता तांड्याभोवती त्यांची शेती होती. केंद्राकडून एक पेटी घेऊन तिनं दोन वर्षांत सहा केल्या होत्या, तेही मी नेमणुकीवर यायच्या आधी, म्हणजे माझ्या मदतीशिवाय. पेट्या तांड्यामागच्या मोहाच्या झाडांखाली होत्या. साहेबांनी सांगितलं, की त्या तिथून उचलून नाल्याकाठच्या शिंदीच्या बनात ठेवायच्या.

झमकूबाई साहेबांशी बोलली नाही. माझ्याशी बोलली. "शिंदीचा बहर होळीच्या आधीच गेला साहेब. तिथं आता काय खातीन त्या?"

मी काडी घेतली आणि मातीत परागाचा दाणा काढून दाखवला, मधल्या चिरेसकट. ती त्या चित्राकडे बघत राहिली. साहेबांनी मान डोलावली. संध्याकाळी माश्या आत परतल्यावर तिनं स्वतः पेट्यांची दारं लावली आणि त्या बैलगाडीत चढवल्या. गाडी हलताना एक हात सगळ्यात वरच्या पेटीवर ठेवून ती नाल्यापर्यंत चालत आली.

इकडे मास्तरांचे दोन दिवस नऊ दिवस झाले. भर उन्हात छत्री आणि तो पिवळसर कागद घेऊन ते सगळीकडे हिंडत होते. बाजारात एका बाईच्या लुगड्याशी कागद लावून पाहिला आणि तिच्या नवऱ्याचा मार थोडक्यात चुकवला. मी काकूंना म्हटलं, त्यांना जरा समजवा, अहवाल तर गेला. काकू म्हणाल्या, "अहवाल तुमचा गेला. त्यांचं अजून पाहणं संपलं नाही."

नवव्या दिवशी ते धुळीनं पांढरे होऊन आले आणि कागदाची पुडी माझ्या टेबलावर उघडली. आत चिमूटभर पीठ होतं. तुरीची डाळ भरडताना जो भुगा पडतो, ढोरांना घालतात ती चुनी. केंद्राच्या मागच्या भिंतीपलीकडे डाळगिरणी होती. दोनशे पावलंही नव्हती. रोज तिच्यावरून जाताना मला शिंका येत. तिथल्या चुनीच्या ढिगावर माश्या गर्दी करून बसल्या होत्या. फूल मिळालं नाही, म्हणून त्या बिचाऱ्या पीठ गोळा करत होत्या.

मी चुनी काचेवर घेतली. लांबट दाणे. मधोमध चीर. पिठाला आयोडीन लावलं की ते काळंनिळं होतं, हे मला मॅट्रिकपासून माहीत होतं. काकूंच्या फडताळातली जखमेवर लावायची टिंक्चर आयोडीनची बाटली आणली. चुनीवर थेंब टाकला, ती काळीनिळी झाली. मग माझ्या बाटलीतल्या निर्विवाद शिंदीवर टाकला. तीही झाली.

मास्तर हसतील असं वाटलं होतं. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "झमकूच्या पेट्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही नाल्यावर गेलो. सहापैकी पाच पेट्या रिकाम्या होत्या. आत पोळी जागेवर होती, पण त्यात ना मध ना पराग. सहावीत मूठभर माश्या होत्या. झमकूबाई तिच्याशेजारी बसून गुळाच्या पाण्यानं भिजवलेला कापूस दाराशी धरत होती. आमच्याकडे न बघता म्हणाली, "गेल्या. परवा दुपारी तीन गेल्या, काल दोन. डोक्यावरून गेल्या माह्या."

मी सुरुवात केली, की शास्त्रात कधीकधी असं होतं, की निरीक्षणाच्या मर्यादा असतात. मास्तरांनी छत्रीचं टोक माझ्या पायावर ठेवलं आणि जरा दाबलं. मी थांबलो. मग म्हटलं, "ती शिंदी नव्हती, झमकूबाई. गिरणीतली चुनी होती. मी पाहिलं नाही."

तिनं कापूस पुन्हा गुळाच्या पाण्यात बुडवला. "म्हंजे माह्या पाच पेट्या तुरीच्या भुशापायी गेल्या?"

"नाही," मास्तर म्हणाले. "यांच्या घाईपायी."

ती सहावी पेटी आम्ही त्याच संध्याकाळी मोहाखाली परत नेली. जगली ती. मास्तरांनी सुचवल्याप्रमाणे झमकूबाईनं पावसाळा लागेपर्यंत तिच्यासमोर परातीत चुनी ठेवली. माश्या माझ्यापेक्षा कमी मानी होत्या, खात गेल्या.

मी कार्यालयाला दुरुस्ती कळवली: मागील अहवालात ‘शिंदी’ऐवजी ‘तुरीची चुनी’ वाचावे. महिन्यानं उत्तर आलं, की चुनी हे झाड किती उंच वाढते आणि त्यास बहर कोणत्या महिन्यात येतो ते कळवावे. मी पुन्हा लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही. श्रावणात मात्र एक लखोटा आला. शिंदीसंबंधी केलेल्या मौलिक निरीक्षणाबद्दल मला नोकरीत कायम केलं होतं.

मी ती ऑर्डर परत केली असं इथं लिहायला मला फार आवडलं असतं. मी पेढे आणले. काकूंनी घेतला, माझ्याकडे न बघता. मास्तरांनी पेढा उजेडात धरला, वास घेतला, मग तोंडात टाकला आणि सावकाश चघळला.

"खव्यात पीठ हाय," ते म्हणाले आणि कागद रंगवायला निघून गेले.

झमकूबाईनं मला एका शब्दानं काही म्हटलं नव्हतं. कार्तिकात तिचा मास्तरांना निरोप आला, की रानात धावड्याच्या झाडाच्या ढोलीत एक मोहोळ सापडलं आहे, निरीक्षक साहेबांना पाठवा. आम्ही दोघं गेलो. तिनं रिकामी पेटी आधीच झाडाखाली आणून ठेवली होती. गोवरीचा धूर केला होता. मी कोट काढून बाजूला उभा राहिलो, सूचना द्यायला. तिनं ढोलीकडे बोट केलं.

"तुमी घालवल्या. तुमीच आना."

मी आजवर इतरांना मोहोळ कसं काढायचं ते सांगितलं होतं. स्वतः एकदाच काढलं होतं, शिक्षणात, तेही शिक्षकानं अर्धं काढून दिल्यावर. मास्तरांकडे पाहिलं. ते छत्री उघडून बसले होते आणि ढोलीत शिरणाऱ्या माश्यांच्या पायांकडे डोळे लावून होते. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मी हात आत घातला. पहिली माशी कानावर चावली, दुसरी पापणीवर, मग मी मोजणं सोडलं. पण पोळी एकेक करून बाहेर काढली, झमकूबाईनं ती चौकटींना बांधली, राणी आत गेली आणि तिच्यामागे बाकीच्या माश्या पायी पायी पेटीत शिरल्या. या आपल्याच माश्या आहेत, परत आल्या, असं झमकूबाईचं म्हणणं पडलं. मास्तर म्हणाले, ते कोणाला सांगता येणार नाही. ती म्हणाली, मला येतं.

त्या रात्री तांड्यावरच राहिलो. सकाळी उठलो तर चेहरा भोपळ्याएवढा आणि दोन्ही डोळे मिटलेले. झमकूबाईनं हाताला धरून मला मोहाखाली नेऊन बसवलं. नव्या पेटीत माशी पराग घेऊन आली, तर ती तिथं घर करणार. नुसती घिरट्या घालत राहिली, तर दोन दिवसांत जाणार. आम्ही तिघंही बसून होतो. ऊन पाठीवर चढलं. मला फक्त माश्यांचा आवाज ऐकू येत होता आणि त्यावरून काही कळत नव्हतं.

"आली," झमकूबाई हळूच म्हणाली. "दोन्ही पायावर हाय." मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "आनखी एक."

मास्तर पुढे सरकल्याचं मला कळलं. मी विचारलं, कोणता रंग. त्यांनी सांगितलं, की असा रंग त्यांनी आजवर पाहिलेला नाही, आणि उठले. छत्री उघडल्याचा आवाज आला. झमकूबाईनं तिच्या काठीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि आम्ही त्यांच्या मागे रानात शिरलो. गावकऱ्यांना फुलं दाखवायला नेमलेला मी निरीक्षक, ठेचकाळत, काठीच्या ओढीनं चाललो होतो.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा दोघं थांबले. आपसात काहीतरी हलक्या आवाजात बोलले. मग मास्तरांनी माझी मूठ उघडून तीत एक फूल ठेवलं. बारीक, केसाळ, चिकट होतं. मी ते नाकाशी नेलं, जिभेला लावलं, बोटांनी चाचपलं. डोक्यात लगेच एक लॅटिन नाव तयार झालं.

"काय हाय?" झमकूबाईनं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "डोळे उघडले की बघू."